आम्ही अजून घरातच होतो

निघायच्या दिवशी सकाळी अंघोळ करून खोलीत आले, तर पलंगावर चादर नव्हती. उशांचे अभ्रे नव्हते, रजयांच्या खोळी नव्हत्या. उघडी गादी, तिच्या कडेला शिवलेली धुण्याच्या सूचनांची पट्टी आणि मधोमध आमच्या मुलाचा एक मोजा. माळ्यावरून वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरल्याचा आवाज येत होता. नेदरलँड्समधल्या रांगेतल्या घरांत मशीन बहुतेक वेळा माळ्यावरच असतं, आणि तिकडे जाणारा जिना इतका उभा की माझ्या नवऱ्याने शेवटपर्यंत पाठमोरं होऊनच तो उतरला. आमचं विमान रात्रीचं होतं. अख्खा दिवस पडला होता, सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता, आणि आमचं अंथरूण धुवायला गेलं होतं.

मोजा उचलून मी खाली आले. जिच्याकडे आम्ही उतरलो होतो ती मैत्रीण स्वयंपाकघरात आलं किसत होती. "झोप झाली का गं नीट?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. चादरीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. नवऱ्याच्या तर ते लक्षातही आलं नव्हतं. त्याला ब्रेडला लोणी लावायची घाई होती. पण मला ते बोचलं. एवढ्याशा गोष्टीचं काय वाटून घ्यायचं, असं स्वतःला सांगून झालं, तरी ते आत कुठेतरी टोचतच राहिलं.

वाईला माझ्या आजीकडे कुणी गावाला निघालं की ते माणूस एसटीत बसून, गाडी सुटून, पार पाचवड ओलांडेपर्यंत केरसुणीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. अंथरुणं तशीच पडलेली असायची. न्हाणं आधी उरकलेलं असायचं, राहिलं तर दुपारपर्यंत राहायचं. का, ते मुलांना कुणी सांगत नसे. मोठं होता होता आपोआप कळलं. माणूस कायमचं गेलं की घर झाडतात, धुतात, त्याच्या अंगाखालचं काढून टाकतात; नुसत्या गावाला गेलेल्याच्या मागे तसलं काही करू नये. आता मी हे सगळं पाळते असं अजिबात नाही. आमच्याकडे ठाण्याला कामाच्या मावशी अकराला येतात, त्या काही पाहुण्यांची गाडी कुठवर गेली ते विचारून केर काढत नाहीत. तरीपण पाहुणे गेल्यावर आवरणं निराळं आणि पाहुणे समोर चहा पीत बसलेले असताना आवरणं निराळं.

आम्ही अजून घरातच होतो की!

त्यातून ही मैत्रीण म्हणजे सांगलीच्या हॉस्टेलवरची. एका खोलीत आम्ही शिकलो, एका बादलीत कपडे भिजवले. तेव्हा ही मुलगी एकच चादर सबमिशनपासून परीक्षा संपेपर्यंत वापरायची आणि वर म्हणायची, उलटी घातली की नवीच असते. माझ्या कॉटवर तेल लावलेले पाय घेऊन बसायची आणि मी ओरडले की पाय आणखी पसरायची. तिच्या आईने पाठवलेला डबा माझ्या टेबलावर आणि माझ्या आईने पाठवलेला तिच्या पलंगाखाली, असं चालायचं. त्या मुलीने ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टलव्हीनच्या घरात, मी अंघोळीला गेलेली संधी साधून पलंग उघडा करावा?

चहाच्या वेळी तिच्या नवऱ्याने फोनवर एक आलेख दाखवला. त्यांचा वीजदर तासातासाला बदलतो. उद्याचे दर आदल्या दिवशी दुपारी कळतात. उन्हाचा दिवस असला, त्यातून शनिवार-रविवार असला, की छपराछपरांवरच्या सौर पॅनलमधून इतकी वीज येते की भर दुपारी दर शून्याच्या खाली जातात. "आज बारा ते चार उणे आहेत," तो असा खुशीत म्हणाला, जसा आमच्या सोसायटीत कुणी टँकर आल्याचं सांगतं. पावसाचं ॲप बघून झालं होतं, पुढचे काही तास ढग नव्हते. सकाळी एक घाणा, दुपारी दुसरा, मग मागच्या अंगणात वाळत. सगळा हिशेब चोख. माझ्या नवऱ्याला तो आलेख एवढा आवडला की दोघांनी त्यावर अर्धा तास काढला. मी मात्र मनात म्हणत होते, दर बारापासून उणे, मग आठ वाजता मशीन का लावलं?

ते विचारणं काही मला जमलं नाही.

नंतर बॅगा. परदेशातून परतणाऱ्या कुटुंबाची खरी कुंडली बॅगा भरताना दिसते. बाथरूममधला वजनकाटा बैठकीत आणला गेला. आधी यजमान नुसता उभा राहिला, त्याचं वजन सगळ्यांसमक्ष जाहीर झालं, मग तोच बॅग छातीशी धरून उभा राहिला आणि त्याच्या लेकीने वजाबाकी केली. डचमध्ये पुटपुटत, मराठीत उत्तर देत. एक बॅग २३ किलोंच्या वर, दुसरी खूपच खाली. मग जमिनीवर उकिडवं बसून इकडचं तिकडे. चीजची चक्की माझ्या साड्यांत, स्ट्रोपवाफल या पाकाच्या बिस्किटांचे डबे नवऱ्याच्या बुटांच्या बाजूला, चिनी मातीची निळी पणती हातातल्या पिशवीत. ज्या जॅकेटांसाठी दोन नातेवाइकांकडे फोन केले होते, ती आता अंगावरच घालून जायचं ठरलं. मे महिना होता. मुंबईत उतरल्यावर त्यांचं काय करायचं, हा प्रश्न दुबईनंतरचा.

येताना याच बॅगांत काय काय होतं! निघण्यापूर्वी तिने व्हॉट्सॲपवर यादी पाठवली होती: मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, आमसुलं, कुरडया. आणि खाली ताकीद, दुधातुपाचं काहीही आणू नकोस, इथे बाहेरून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. त्यामुळे कढवलेलं तूप ठाण्यातच राहिलं, पेढेही राहिले. कुरडयांचा प्रवासात निम्मा चुरा झाला, तोही तिने बाटलीत भरून ठेवला. मेतकूट मी स्टीलच्या कडीच्या डब्यातून नेलं होतं, माझ्या सासूबाईंचा डबा, झाकणावर नाव कोरलेला. तो आता धुऊन, पुसून ओट्यावर उलटा ठेवला होता. मैत्रीण त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"रिकामा कसा देऊ?" ती म्हणाली.

"अगं दे तसाच. कोण बघतंय?"

"तुझ्या सासूबाई बघतील ना."

लाडू वळायला वेळ नव्हता. कपाटातून काजू निघाले, ते मूठभरच. शेवटी तिच्या लेकीने मार्ग काढला. तिकडे सकाळी मुलं ब्रेडला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पेरून खातात. मोठी माणसंही खातात, अगदी टाय लावून ऑफिसला निघालेलीही. हाखलस्लाख म्हणतात त्याला. आमच्या मुलाने तेवढं एकच डच अन्न मनापासून स्वीकारलं होतं. त्याचं आख्खं खोकं डब्यात रिकामं झालं. कडी लावताना मी वास घेतला. डबा कितीही घासलेला असो, मेतकूट आपली जागा सोडत नाही.

मुलांना बाटल्या परत करायला पिटाळलं. मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट, लहानीवर १५, पत्र्याच्या कॅनवर १५. सामान घेताना आधीच कापून घेतलेले असतात, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की परत मिळतात. लहान बाटल्यांना हे २०२१मध्ये लागू झालं, कॅनना २०२३मध्ये. आमच्या वास्तव्यात जमा झालेल्या बाटल्यांचा ढीग जिन्याखाली होता आणि त्या ढिगाकडे बघून मला थोडं लाजल्यासारखं झालं. एवढं प्यायलो आम्ही? तिची लेक सायकल चालवत आणि आमचा मुलगा मागे कॅरिअरवर, दोन्ही हातांत पिशव्या, असे दोघे गेले. आल्या दिवशी ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. तिचं मराठी पुस्तकी वळणाचं, "तुला भूक लागलेली आहे का?" असं विचारणारी, आमचा गडी उत्तरादाखल नुसती मान हलवणारा. आता कुठून तरी त्यांची एक भाषा तयार झाली होती, तीत तीन भाषांतल्या शिव्या होत्या असा मला संशय आहे. परत आली ती बाटल्यांच्या पैशांतून घेतलेल्या काळ्या खारट गोळ्या चघळत. आमच्याने ती दारातच थुंकली. तिने दुसरी तोंडात टाकली.

दुपारी जेवायच्या आधी मी आणि मैत्रीण गाडीने ॲमस्टरडॅमच्या बाइल्मर भागात गेलो. प्रवासात द्यायला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करायची होती आणि घरात मिरची संपली होती. एवढ्या दिवसांत आम्ही तुळिपांची बाग पाहिली, पवनचक्क्या पाहिल्या, कालव्यातली बोट झाली, संग्रहालयात पाय दुखेस्तोवर हिंडलो. पण ती रोज ज्या दुकानांत जाते त्यातलं एकही पाहिलं नव्हतं. हे दुकान सुरिनामी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम देशाच्या, कुटुंबाचं. दारात हातभर लांब चवळीच्या शेंगांच्या जुड्या, आत कच्ची पपई, कारली, मसूर, आणि मादाम जॅनेट नावाची पिवळी, सुरकुतलेली, दिसायला गोंडस मिरची, जिचा ठेचा करताना मैत्रीण हातमोजे घालते. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या कपाळावर टिकली होती. त्यांची भोजपुरी वळणाची बोली मला अर्धीमुर्धी कळली, माझं हिंदी त्यांना बहुधा तेवढंच.

परत येताना गाडीत त्यांच्या लोकांचा विषय निघाला. १८७३मध्ये लल्ला रूख नावाचं पहिलं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन डचांच्या सुरिनाम वसाहतीत पोचलं. मळ्यावर पाच वर्षांचा करार आणि करार संपला की परतीचा प्रवास फुकट. १९१६पर्यंत ३४ हजारांवर माणसं गेली. त्यांतली साधारण तिसरा हिस्सा परतली, बाकीची तिथेच राहिली, आणि १९७५मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी हजारो उठून नेदरलँड्सला आली. मैत्रीण स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाली, "आमचंही पाचच वर्षांचं असतं की." तिचा रोख करसवलतीकडे होता. बाहेरून आणलेल्या कुशल नोकरदाराच्या पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग तिकडे करमुक्त असतो, पण पाच वर्षंच. मुदत संपली की हातात येणारा पगार एकदम खाली येतो, आणि मग घरोघरी रात्री उशिरा बोलणी होतात, परत जायचं की राहायचं. उसाच्या मळ्यावरचा मजूर आणि व्हिसा-पगारासह आलेली इंजिनिअर यांची बरोबरी होऊच शकत नाही, हे तीही जाणते, मीही. तरी ते पाच वर्षांचं वाक्य गाडीत बराच वेळ राहिलं.

घरी न जाता तिने गाडी जंगलाच्या कडेला लावली. "पाच मिनिटं चालू या. पुऱ्या काय, होतील." जंगल म्हणायचं एवढंच, १९३४पासून, मंदीच्या दिवसांत, बेकार माणसांच्या हातांत फावडी देऊन खणून घेतलेलं आणि लावलेलं ते रान आहे. तळी खणलेली, झाडं लावलेली, होड्यांच्या शर्यतींचा सरळसोट कालवाही माणसांनीच काढलेला. त्यात एक चेरीच्या झाडांची राई आहे. जपानी महिलांच्या क्लबने २०००मध्ये दिलेली ४०० झाडं आणि प्रत्येकाला एका बाईचं नाव, निम्मी नावं डच, निम्मी जपानी. बहर एप्रिलमध्येच संपून गेला होता. आता नुसती हिरवी, साधी, कुठल्याही झाडासारखी झाडं. लोक बहरात इथे चटया टाकून बसतात म्हणे. त्या दिवशी एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते आणि आम्ही दोघी.

तिथे ती म्हणाली, "मी इथल्या नागरिकत्वाचा अर्ज केलाय. आईला अजून सांगितलं नाही."

मला पटकन काही सुचलं नाही. मी विचारलं ते फारच फुटकळ. आपल्या पासपोर्टचं काय करतात? "जमा करायचा. रद्दचा शिक्का मारून परत देतात." मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. मग मत देता येत नाही. मिरजेजवळची शेती बाबांच्या नावावर आहे; वारसाने ती तिच्याकडे येऊ शकते, पण शेजारचा तुकडा विकायला निघाला, जो बाबांना कित्येक वर्षं हवा होता, तर तो तिला विकत घेता येणार नाही. हे सगळं ती इतकं सरळ सांगत होती की मला वाटलं, किती वेळा स्वतःशी म्हणून झालं असेल. भाषेची परीक्षा ती मागच्याच वर्षी पास झाली होती, तेही तिने आत्ताच सांगितलं. मला राग आला. एवढे दिवस आपण रात्री बारा बारापर्यंत गप्पा मारल्या, हॉस्टेलच्या रेक्टरपासून कुणाकुणाच्या घटस्फोटापर्यंत सगळं झालं आणि हे आज?

"आधी सांगितलं असतं, तर रोज त्यावरच बोललो असतो," ती म्हणाली. "आणि तू मला समजावत बसली असतीस."

हे खरं होतं. मी समजावलंच असतं. काय समजावलं असतं, ते मात्र मला आजही सांगता येणार नाही. राहा म्हणून की ये म्हणून?

घरी पोचलो तर तिच्या नवऱ्याने आमच्या खोलीत त्याचा संगणकाचा मोठा पडदा परत आणून ठेवला होता. ती खोली खरं म्हणजे त्याचं ऑफिस. आम्ही होतो तोवर तो बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मीटिंगा करत होता, हे मला त्या इस्त्रीच्या टेबलावरचे चहाच्या कपाचे डाग बघून कळलं. पाहुण्यांना या गोष्टी शेवटच्या दिवशी दिसू लागतात. फ्रिजवर चिकटवलेला, आमच्यासाठी केलेला तक्ता, कुठल्या दिवशी कोण रजा घेणार त्याचा. मोठ्या टॉवेलांची चळत, जी एरवी बहुधा बांधून ठेवलेली असते. आणि संडासातला तो प्लास्टिकचा मग, नवा कोरा, आमच्यासाठी घेतलेला. खरं सांगायचं, तर मलाही आता घरी जायचं होतं. नळाला जोडलेला फवारा हवा होता, माझ्या पातेल्यातला माझा चहा हवा होता, आणि सकाळी उठल्यावर "आज काय बघायचं?" असं कुणी न विचारणारी खोली हवी होती. तिला तिचं घर परत हवं असेल याचा मला सकाळी राग आला होता, पण माझं घर मला हवं होतं त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. माणूस असाच असतो, किंवा निदान मी तरी.

पुऱ्या लाटता लाटता दुसरा घाणा झाला आणि सकाळच्या चादरी वाळल्या. आम्ही दोघी अंगणात गेलो. मोठ्या चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं. तिची टोकं माझ्या हातांत देताना ती सहज बोलावं तसं बोलली, "मागे आई-बाबा गेले ना, तेव्हा मी चादरी तशाच राहू दिल्या. मग काढवेचनात. तीन महिने आले होते, व्हिसाचे पुरे नव्वद दिवस. गेल्यावर महिनाभर त्या खोलीत कुणी गेलंच नाही. तो बिचारा जेवणाच्या टेबलावर ऑफिस करायचा. तेव्हापासून मी माणसं घरात असतानाच धुवायला टाकते." मग उशीचे अभ्रे मोजत म्हणाली, "एक कमी आहे का गं?"

मी तिच्याकडे बघितलं, पण ती अभ्राच शोधत होती. नवऱ्याचा वीजदराचा हिशेब खोटा नव्हता आणि हाही नव्हता. माझी बोच कमी झाली, गेली म्हणणार नाही. आजीच्या घरची केरसुणी एवढ्याने हलत नाही. मी एवढंच म्हटलं, "सांगायचंस ना सकाळी." त्यावर ती म्हणाली, "सकाळी तू अंघोळीला गेलीस, मला वाटलं आत्ताच उरकावं. तू समोर असतीस तर 'राहू दे गं, मी करते' म्हणाली असतीस आणि अर्धा तास त्यात गेला असता." अभ्रा सापडला, तो चादरीच्या आत अडकला होता.

संध्याकाळ झाली असं म्हणायचं घड्याळाकडे बघून. बाहेर टळटळीत ऊन, मे महिन्यात तिकडे नऊनंतरच मावळतं. तिने देवापुढे दिवा लावला. मला हळदकुंकू लावून ओटी भरली. नारळ मिळाला असता, पण विमानात कोण वागवणार, म्हणून तांदूळ आणि एक सफरचंद. हातावर साखर घातलेलं दही. तिच्या नवऱ्याने गाडीत बॅगा चढवल्या. तेवढ्यात लेकीने आम्हाला संडासात बोलावलं. तिकडे घरोघरी संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, वार नसलेलं, वर्ष नसलेलं, नुसत्या तारखा, म्हणजे ते कधीच जुनं होत नाही. रोज समोर बसलं की कुणाचा वाढदिवस जवळ आलाय ते आपसूक कळतं. तिने त्यात आमच्या मुलाच्या वाढदिवसापुढे बॉलपेनने त्याचं नाव लिहिलं, देवनागरीत, एक वेलांटी चुकवून. त्याच्या वर तिच्या शाळेतल्या कुणाचं तरी नाव होतं, खाली मिरजेच्या आजोबांचं. आमच्या चिरंजीवांना स्वतःचं नाव संडासात लागल्याचं फार आवडलं.

मग मैत्रिणीने फोन काढला. "पुढच्या वर्षी आम्ही जुलैत येतोय. तारखा ऑक्टोबरपर्यंत सांगशील? मला तसं सगळ्यांना कळवावं लागेल." हे मात्र मला अजून पचत नाही. दारात, चपला घालताना, हातावरचं दही वाळायच्या आत पुढच्या वर्षीच्या तारखा! पण जुलैत शाळा सुरू असतात आमच्याकडे, आणि पाऊस, आणि आमच्या हॉलमधला सोफा-कम-बेड उघडला की दार उघडत नाही. हे सगळं मी तिथेच सांगायला लागले आणि आम्ही जिन्यात उभं राहून भांडलो, चांगलं दहा मिनिटं, आवाज चढवून, हॉस्टेलात भांडायचो तसं. शेजारच्या डच बाईंनी त्यांच्या पडदे नसलेल्या मोठ्या खिडकीतून हात हलवला. माझ्या नवऱ्याने घड्याळ दाखवलं.

विमानतळाकडे जाताना तो सगळ्यांना सांगत होता की आपण आता एका तळ्याच्या बुडावरून चाललोय. खरंच आहे ते. हार्लेमरमेअर नावाचं प्रचंड तळं होतं तिथे, वाफेच्या पंपांनी १८४९ ते १८५२ उपसून कोरडं केलं, आणि आज त्या बुडावर, समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली, विमानं उतरतात. रस्त्याकडेला एका शेतात तुळिपांच्या नुसत्या हिरव्या कांड्या उभ्या होत्या. फुलं छाटून टाकलेली, ती चरीत पडलेली, लाल आणि पिवळी, कुजायला लागलेली. धंदा कंदांचा असतो. फूल ठेवलं तर कंद पोसत नाही. हे माहीत असतं तर आलो तेव्हा एवढे फोटो काढले असते का, असं नवरा म्हणाला. काढले असते.

बॅगा उतरवून झाल्यावर गाडी तिथे थांबू देत नाहीत. त्यामुळे निरोप म्हणजे मिठ्या मारेपर्यंत मागून हॉर्न. मुलांनी एकमेकांना तीन भाषांतल्या त्या शिव्या दिल्या. "पोचलीस की कळव" एवढंच ती म्हणाली, आणि मी म्हटलं, "आईला सांग." तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. ओटीचं सफरचंद मुलाने सुरक्षा तपासणीच्या रांगेतच खाऊन टाकलं. पुऱ्या दुबईला पुरल्या.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने गरम पोळीला लोणी लावलं आणि सासूबाईंच्या डब्याची कडी काढून पोळीवर चॉकलेटचे दाणे पेरले. त्या जपाची माळ थांबवून बघत होत्या. "तीळ का रे हे?" त्याने त्यांच्या तळहातावर चिमूटभर ठेवले. त्यांनी तोंडात टाकले, चघळले, डबा ओढून घेतला, आत नाक घातलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या लोकांच्यात चॉकलेटात हिंग घालतात होय?"